शंकेचा रकाना

मास्तरांना "आज फार उकडतंय" म्हटलं तरी ते विचारत, "कशावरून?" आपण कपाळावरचा घाम पुसून दाखवला की म्हणत, "तो जिना चढल्यामुळेही असेल." पुण्यातली माझी पहिली तीन वर्षं या माणसाच्या डोक्यावर, म्हणजे त्यांच्या वरच्या मजल्यावर गेली. येरवड्याला तुरुंगाच्या मागच्या अंगाला त्यांचं बुटकं दुमजली घर होतं. खाली ते एकटे राहत आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं देत. पत्ता विचारणाऱ्याला सांगत, "भिंतीच्या पलीकडच्यांवर आरोप सिद्ध झालेत, अलीकडच्यांवर व्हायचेत." हे ते हसवायला म्हणत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

मी अकोल्याची. खराडीला एका कंपनीत नोकरी लागली आणि खोली शोधायला निघाले, तेव्हा या शहरानं मला उभं-आडवं तपासून घेतलं. एकट्याच राहणार का, मित्र येतात का, मासे खाता का, लग्नाचं काय, आणि एका बाईंनी तर "तुमच्याकडची माणसं मोठ्यानं बोलतात म्हणे" असं अगदी हळू आवाजात विचारलं. मास्तरांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "गुणगुणता का?"

"हो, कधीकधी."

"काय?"

मला एकही गाणं आठवेना. परीक्षेत बसल्यासारखं झालं.

"आठवत नाही म्हणजे सिनेमातलं असणार," मास्तर म्हणाले. "चालेल. त्यातले चोर मला माहीत असतात."

हा प्रश्न ते प्रत्येक भाडेकरूला विचारत. आयुष्यभर एका सरकारी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून ते निवृत्त झाले होते. कुठला बँड ते मी सांगत नाही. सांगितलेलं त्यांनाही आवडलं नसतं. वाजवण्याबरोबरच त्यांच्याकडे आणखी एक काम होतं. परदेशी पाहुणे आले की त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवावं लागतं. जगातल्या सगळ्या देशांच्या राष्ट्रगीतांची नोटेशनं बँडकडे असतात, आणि ती फाइल सांभाळायचं काम मास्तरांचं. घरी त्यांनी स्वतःच्या हातानं तिची नक्कल करून ठेवली होती. जाडजूड सात बाडं, प्रत्येकावर कापडी पट्टी. ही बाडं देवघरात असत. देव बाजूच्या फळीवर होते.

खिशाला पेनाच्या जागी ते ट्यूनिंग फोर्क लावत, म्हणजे तो दोन पायांचा लोखंडी चिमटा, जो आपटला की एकच एक नेमका स्वर निघतो. माठ घ्यायला गेले की तो कठड्यावर आपटून कानाला लावत, मग माठावर टिचकी मारत आणि कुंभाराला म्हणत, "हा कच्चा आहे." कुकरची शिट्टी ऐकून म्हणत, "आज उतरली आहे. रबर बदला." आपलं राष्ट्रगीत कुठे वाजलं तर ताठ उभे राहत, पण डोळा मनगटावरच्या घड्याळावर. संपलं की पुटपुटत, "चौपन्न. वरचे दोन सेकंद कुठून आणले?" एकदा पंधरा ऑगस्टला शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्यांनी हेच विचारलं. पुढच्या वर्षीपासून शाळेनं लाउडस्पीकरचं तोंड दुसरीकडे केलं.

पुण्यात राहून त्यांच्या दारावर एकही पाटी नव्हती. मी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्ही पाटी काऊन नाही लावली?"

"पाटी लावली की लोकांना कळतं आपल्याला काय खपत नाही. मग ते लपवून करतात. अहो अकोला, माणसानं उघड्यावर चुकायला पाहिजे. पकडायला बरं पडतं."

भाडेकरूंना ते गावाच्या नावानं हाक मारत. नाव कुणीही बदलून घेतं, गाव बदलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ही पद्धत अडली ती फक्त जोसेफपाशी.

जोसेफ माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. आफ्रिकेतून शिकायला आलेला, उंच इतका की आमच्या जिन्याच्या वळणावर दर वेळी मान वाकवायचा. पासपोर्ट एका देशाचा, पण तो स्वतःला त्या देशाचा मानत नव्हता. त्याचा भाग फुटून वेगळा देश होणार होता. त्यासाठी तिकडे वर्षानुवर्षं लढाई झाली होती आणि आता लोकांचा कौल घ्यायचा होता. मास्तरांनी भाडेकरूच्या फॉर्मवर विचारलं, "देश?" तो म्हणाला, "अजून झालेला नाही." मास्तरांनी पेन थांबवलं, त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि रकान्यात लिहिलं, "व्हायचा आहे." मग नेहमीचा प्रश्न, गुणगुणतोस का? जोसेफ म्हणाला, "नाही." मास्तर त्याच्या तोंडाकडे बघून "बरं" म्हणाले. मास्तरांनी कुणाचं काही एका दमात मान्य केल्याचं मी तेवढंच पाहिलं.

त्या दोघांचं बोलणं मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत चाले. मी इथे ते सरळ मराठीत सांगते आहे.

नवा देश म्हटल्यावर मास्तरांच्या अंगात आलं. रविवारी दुपारी, ज्या वेळी पुण्यातला सज्जन माणूस झोपलेला असतो त्या वेळी, ते आम्हा दोघांना खाली बोलावत आणि देश गाणं कसं निवडतो यावर बोलत. "देश स्वतंत्र झाला की तीन गोष्टी लागतात. झेंडा, नोटा आणि गाणं. झेंड्याला शिंपी लागतो, नोटांना छापखाना लागतो, गाण्याला समिती लागते. माझा शिंप्यावर विश्वास आहे. छापखान्यावरही आहे."

मग बाडं निघत. हा देश बघा, गेलेल्या साहेबाच्या बँडमास्तरानं चाल बांधली आणि यांनी ती स्वातंत्र्याची म्हणून ठेवली. हा बघा, चर्चमधलं भजन घेतलं, फक्त वेग वाढवला. यांनी शब्दांवरून भांडण झालं म्हणून शब्दच काढून टाकले, आता नुसती चाल वाजते आणि सगळे तोंड मिटून उभे. आणि हे स्पर्धा घेणारे. "स्पर्धा ठेवली की जाहिरात येते, मागाहून अर्ज येतात. पहिला नंबर आधीच आलेला असतो."

"कशावरून?" मी मुद्दाम विचारलं.

"समितीत कुणाचा तरी मेहुणा असतो."

"आमच्याकडे पण स्पर्धाच घेणार आहेत," जोसेफ म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं.

या संशयाला एक जन्मकथा होती, ती त्यांनी मला एकदाच सांगितली. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा लहान देशाचा पाहुणा आला होता. मास्तरांनी फाइलमधून त्या देशाचं राष्ट्रगीत काढलं, बँडकडून बसवून घेतलं. पाहुणा विमानातून उतरला, सलामीसाठी उभा राहिला आणि बँड सुरू झाला. दोन ओळींनंतर पाहुण्यानं सलामीचा हात हळूहळू खाली घेतला. त्या देशात सत्ता बदलली होती आणि नव्या लोकांनी गाणं बदललं होतं. जुनं गाणं वाजवणाऱ्याला तिकडे त्या दिवसांत तुरुंगात टाकत होते. "मला दिसलं त्याचा हात खाली आला ते. पण गाणं मध्ये थांबवता येत नाही हो. सुरू झालं की शेवटपर्यंत वाजवावंच लागतं. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत पूर्ण वाजवलं." चौकशी झाली. फाइल मास्तरांची, दोष मास्तरांचा. दोन वर्षं त्यांना पाहुण्यांसमोर वाजवू दिलं नाही.

तेव्हापासून त्यांनी चिठ्ठीची पद्धत काढली. कुठलंही नोटेशन हातातून बाहेर जाताना त्याच्या पहिल्या पानावर एक लहान चिठ्ठी टाचलेली असे. तीन रकाने: कुठून आलं, कोणी तपासलं, शंका. तिसरा रकाना त्यांनी कधी कोरा सोडला नाही. "शंका नाही असं लिहिणारा माणूस आळशी असतो, नाहीतर सामील असतो," असं ते म्हणत. बँडमधल्या पोरांना या चिठ्ठ्यांची सवय झाली होती. ती चिठ्ठी काढून खिशात टाकत आणि वाजवायला लागत.

एका संध्याकाळी जोसेफ खाली गेला आणि मास्तरांसमोर उभा राहिला. तिकडे राष्ट्रगीताच्या स्पर्धेची घोषणा झाली होती. परदेशात शिकणाऱ्यांनाही भाग घेता येणार होता. पुण्यातल्या त्याच्या देशाच्या पोरांनी मिळून शब्द लिहिले होते आणि चाल जोसेफनं लावली होती. फोनवर गाऊन ती रेकॉर्डही केली होती. पण नियम असा, की चालीचं नोटेशन सोबत हवं, बँडला वाजवता येईल असं. त्यांच्यात कुणाला नोटेशन येत नव्हतं. "तुम्ही लिहून द्याल का?" त्यानं विचारलं. मी जिन्यात उभी होते. दोन वर्षांत या पोरानं कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडून साखरसुद्धा तो घेत नसे. 

मास्तर म्हणाले, "गा."

तो गायला. मला त्या भाषेतलं अक्षर कळलं नाही, पण तिसऱ्या ओळीला चाल अशी वर चढायची आणि मग हळूच खाली यायची, की मी नकळत दोन पायऱ्या खाली उतरले. गाणं संपलं. मास्तर डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच ते म्हणाले, "तिसरी ओळ कुठून उचललीस?"

जोसेफला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तो म्हणाला, "उचलली नाही. माझी आहे."

"मी ही ऐकली आहे."

"कुठे?"

"तेच शोधायचं आहे."

पुढचे पाच रविवार आमच्याकडे जे झालं त्याला दुसरा शब्द नाही, ती चौकशीच होती. सातही बाडं बाहेर आली. मास्तर एकेक पान वाचत आणि क्लॅरिनेटवर तिसऱ्या ओळीशी जुळवून बघत. माझी नेमणूक कॉम्प्युटरवर झाली. ते देशाचं नाव सांगत, मी त्या देशाचं राष्ट्रगीत शोधून वाजवत असे. लहान बेटं झाली, मोडलेले देश झाले, ज्यांचं नावसुद्धा आता नकाशात नाही असे देश झाले. मग लष्करी मार्च, मग भजनं. कुठेच सापडेना. मला वाटलं, आता तरी म्हातारा लिहून देईल. पण मास्तरांचा चेहरा दर रविवारी जास्तच कठोर होत गेला.

"सापडत नाही, मास्तर. म्हणजे त्याचीच असेल ना?"

"सापडत नाही म्हणजे फार शिताफीनं उचललेली आहे."

यावर मी हसायला हवं होतं. पहिल्या रविवारी हसलेही. पण संशयाचं दमट भिंतीसारखं असतं, एका खोलीत ओल आली की शेजारच्या खोलीतही उतरते. तिसऱ्या रविवारी ती ओळ पुन्हा ऐकली आणि माझ्या मनात आलं, खरंच, ही आपणही कुठेतरी ऐकली आहे. कुठे ते आठवेना. मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी टेबलावर हात आपटला, "बघा! दोघांनी ऐकली आहे म्हणजे ती आहे." त्यानंतर मी जोसेफकडे बघायचे ते जरा वेगळ्या नजरेनं. जिन्यात भेटला की तो विचारायचा, "सापडलं?" आणि मी म्हणायचे, "अजून नाही." तो हसायचा. त्या हसण्याचाही मी अर्थ काढायला लागले. त्याला भीती वाटत नाही म्हणजे तो पक्का आहे, असं काहीतरी. खोली शोधताना अकरा घरमालकांनी ज्या नजरेनं मला पाहिलं होतं तीच ही नजर, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मुदतीला आठ दिवस उरले तेव्हा जोसेफ खाली आला. तो ओरडला नाही. "काका," तो म्हणाला, "मी दोन वर्षांचा होतो तेव्हा आम्ही गाव सोडलं. मी शाळा शिकलो ती दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या झेंड्याखाली. तीन देशांची राष्ट्रगीतं मला पाठ आहेत आणि त्यातलं एकही माझं नाही. मला नंबर नको. समितीनं एकदा ऐकावं, एवढंच. तुम्ही लिहिलं नाहीत तर ते ऐकणारसुद्धा नाहीत."

मास्तरांनी समोरचं उघडं बाड मिटलं. मग म्हणाले, "लिहून देतो."

आणि त्यांनी लिहिलं, ते असं लिहिलं की बघत राहावं. चौदा वाद्यांची चौदा पानं, काळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही. क्लॅरिनेटला त्यांनी तिसऱ्या ओळीत एक वेगळी साथ दिली होती. ती त्यांनी मला वाजवून दाखवली आणि म्हणाले, "चाल चांगली आहे. फार चांगली आहे. म्हणूनच म्हणतो." नको त्या माणसाच्या प्रेमात पडल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

शेवटच्या दिवशी जोसेफची परीक्षा होती. मी ऑफिसात पानं स्कॅन करून समितीच्या पत्त्यावर मेल करायची, असं ठरलं. सकाळी मास्तरांनी मला पाकीट दिलं. "आहे तसं पाठवा. एक कागद मागेपुढे करू नका."

खराडीला पोचून मी पाकीट उघडलं. पहिल्या पानावर चिठ्ठी टाचलेली होती. मास्तरांच्या सुबक इंग्रजी अक्षरात: कुठून आलं, विद्यार्थ्याकडून. कोणी तपासलं, स्वतः. शंका, तिसरी ओळ पूर्वी ऐकलेली. मूळ सापडले नाही.

मी ती वाचली. दोनदा वाचली. बँडमधली पोरं ती काढून खिशात टाकायची, हे मला माहीत होतं. अंगठ्याच्या नखानं ती टाचणी निघाली असती. मी यंत्रासमोर पानं हातात धरून उभी राहिले आणि माझ्या मनात आलं ते असं: समजा यानं खरंच चोरली असेल. उद्या ते उघड झालं तर मास्तर म्हणतील, मी लिहिलं होतं, हिनं काढलं. त्यापेक्षा आहे तसं जाऊ दे. बघणारे बघतील. मागे एक सहकारी उभा होता, तो म्हणाला, "मॅडम, लवकर करा ना, माझं पण प्रिंट आहे." मी चिठ्ठीसकट पहिलं पान काचेवर ठेवलं.

संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "चिठ्ठीसकट?" मी म्हणाले, "हो." ते म्हणाले, "बरं केलंत." पण त्यांचा आवाज काही बरा वाटला नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जोसेफनं ते फोनवरून वाचून दाखवलं, खाली, मास्तरांच्या खोलीत, उभ्यानं. आपल्या प्रयत्नाबद्दल आभार. चाल स्वतःची असावी असा नियम आहे. नोटेशन लिहिणाऱ्यानंच तिच्याबद्दल लेखी शंका व्यक्त केलेली असल्यामुळे आपलं गाणं ऐकण्यासाठी ठेवलेलं नाही. सोबत पहिल्या पानाचा फोटो होता. त्यानं फोन मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी स्वतःची चिठ्ठी पाहिली. त्यांनी नाकारलं नाही. "ती आमची पद्धत आहे," एवढंच म्हणाले. आणि मग, एखाद्या हट्टी मुलासारखे, "पण मी ऐकली होती रे. शपथेवर सांगतो. ऐकली होती मी."

"हो, ऐकली असेल," जोसेफ म्हणाला. "रोज ऐकली असेल. मी संध्याकाळी मागच्या गॅलरीत भांडी घासतो. तेव्हा ती माझ्या डोक्यात चालू असते. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीच्या खालीच आहे. दोन वर्षं मी ती जुळवत होतो."

"तू तर म्हणालास गुणगुणत नाहीस."

"मला माहीतच नव्हतं मी गुणगुणतो ते. माझ्या खोलीत कोण असतं मला सांगायला?"

मास्तर खाली बसले. खुर्ची मागे आहे की नाही हेही त्यांनी पाहिलं नाही. होती म्हणून बरं. मला सुट्टीच्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालताना मागून येणारा तो सूर आठवला, पाण्याच्या आवाजात मिसळलेला, आणि माझे कान गरम झाले. सात बाडं, पाच रविवार आणि अख्ख्या जगातले देश आम्ही पालथे घातले होते. चाल डोक्यावरच्या गॅलरीत होती.

मग जोसेफ माझ्याकडे वळला. "स्कॅन तू केलंस. तुला ही चिठ्ठी दिसली नव्हती?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर खुर्चीतूनच बोलले, एकदम, जोरात. "तिला काय विचारतोस? पानांच्या गठ्ठ्यात दडवलेली होती मी. ते मशीन सगळा गठ्ठा एका दमात गिळतं. तिला दिसणार कुठून?"

हे खोटं होतं. साफ खोटं. चिठ्ठी पहिल्या पानावर, वर, मधोमध होती आणि "चिठ्ठीसकट" हे मी माझ्या तोंडानं त्यांना सांगितलं होतं. जोसेफच्या हातातल्या फोटोतही ती वरच दिसत होती. त्यानं नीट पाहिलं असतं तर कळलं असतं. पण त्यानं फोटोकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मी मान हलवली. नाही दिसली.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "तुला दिसली असती तर तू काढली असतीस."

मग तो मान वाकवून जिना चढून वर गेला.

मी तिथेच उभी.  वरचं दार लागलं तेव्हा मी विचारलं, "मास्तर, तुम्ही खोटं का बोललात?"

ते खिडकीकडे बघत होते. "त्याला घर सोडून जायचं असेल तर जाऊ दे," ते म्हणाले. "मी त्याला चोर म्हटलं. माझ्यावर तो आता विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण या गावात त्याला विश्वास टाकायला एखादं माणूस तरी राहायला पाहिजे ना? तुम्ही राहा."

"पण मी तर..."

"ते मला माहीत आहे. त्याला माहीत नाही. तुम्ही राहा, अकोला."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी समितीला पत्र पाठवलं, की चूक लिहिणाऱ्याची आहे, मुलाची नाही. उत्तर आलं नाही. दुसऱ्या कुणाची तरी चाल निवडली गेली. ज्या दिवशी त्याचा देश झाला त्या दिवशी जोसेफनं गच्चीवर लॅपटॉप ठेवला आणि ते दुसऱ्याचं गाणं ताठ उभं राहून, मोठ्यानं, सगळं म्हटलं. मला त्यानं बोलावलं होतं. मास्तर गच्चीच्या दारापर्यंत आले आणि शेवटच्या पायरीवरच उभे राहिले, कारण त्यांना बोलावलेलं नव्हतं. गाणं संपेपर्यंत ते तिथे उभे होते आणि मग आवाज न करता खाली गेले. पुढच्या महिन्यात जोसेफनं दुसरीकडे खोली घेतली.

आता मास्तर नाहीत. जोसेफ आपल्या देशात आहे, शाळेत शिकवतो, त्याला दोन मुली आहेत. त्यांच्या स्वातंत्र्यदिनी त्याचा मला दर वर्षी फोन येतो. पुण्यात इतकी वर्षं राहिलो, पण आपला वाटावा असा माणूस तूच, असं तो म्हणतो. आणि दर वर्षी मी ठरवते, की या वेळी सांगून टाकायचं. मग तो मुलींना फोनवर बोलावतो, "ही बघा ती," असं म्हणतो, आणि मी त्यांच्याशी बोलते.